आईला ज्येष्ठ नागरिक संघात जायचं नाही, आणि त्याचं खरं कारण मला तीन महिन्यांनी कळलं

कोरेगावकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या ही विनंती.

माझी आई ६९ वर्षांची आहे. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, जिल्हा सातारा. वडील गेल्यावर गावात तिला एकटीला ठेवायला मन घेईना म्हणून दीड वर्षापूर्वी चिंचवडला घेऊन आलो. गावाकडं ही बाई पहाटे पाचला उठली की दिवस मावळेपर्यंत एका जागी बसायची नाही, आल्याचे वाफे, घेवडा, दोन म्हशी, वर भावकीतल्या कुणाचं बाळंतपण असलं तरी हिलाच बोलावणं. इथं आम्ही नवराबायको साडेआठला बाहेर पडतो, मुलगी शाळेत, आणि आई तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी. टीव्ही दिवसभर चालू असतो पण ती बघत नाही, घरात आवाज असावा म्हणून लावते म्हणते.

घरापासून १० मिनिटांवर विरंगुळा केंद्राचा हॉल आहे, तिथं ज्येष्ठ नागरिक संघ भरतो. सकाळी योगासनं, मंगळवारी व्याख्यान, गुरुवारी भजन, महिन्यातून एकदा त्या महिन्यातल्या सगळ्यांचे वाढदिवस. मला वाटलं याहून चांगलं काय पाहिजे. वर्षाची वर्गणी भरली आणि पहिल्या दिवशी स्वतः गेटपर्यंत सोडून आलो. अर्ध्या तासात आई एकटीच परत आली आणि त्यानंतर परत गेलीच नाही. कधी गुडघा दुखतोय, कधी ऊन हाय, कधी "तितं समदी शिकल्याली मान्सं, माजं काय काम". मी चिडलो, सगळी सोय करून दिली तरी तुला घरातच बसायचंय असं बोलून गेलो, आता त्या बोलण्याची लाज वाटते.

कारण परवाच्या रविवारी माझ्या मुलीनं (ती चौथीत आहे) सगळं सांगितलं. आजीनं तिला एकटीलाच सांगितलेलं. त्या दिवशी दारातच टेबलावर रजिस्टर ठेवलेलं होतं, त्यात नाव, वेळ आणि सही. आई दुसरीपर्यंत शाळेत गेलेली आहे, स्वतःचं तीन अक्षरी नाव तिला काढता येतं पण वेळ लागतो, मान वाकडी करून एकेक काना नीट ओढते. मागं रांग लागली. कुणीतरी म्हणालं आजी जरा पटापट. टेबलापाशी बसलेल्या बाई चांगल्या मनानंच म्हणाल्या असतील की राहू द्या, अंगठा लावा, आणि मग स्टॅम्प पॅड सापडेना म्हणून सगळे थांबले. आईनं अंगठा लावला, मागच्या खुर्चीवर जाऊन बसली, पदराला अंगठा पुसत राहिली. शेजारच्या बाईंनी विचारलं तुम्ही कुठून रिटायर झालात. तेवढ्यावर ती उठून आली. पदरावरचा निळा डाग बायकोनं धुताना बघितला होता, तिला वाटलं मुलीच्या पेनाची शाई आहे.

आता विचारायचं ते असं. माझ्या आईसारख्या बायकांसाठी, म्हणजे नोकरी न केलेल्या, फारसं न शिकलेल्या, शेतात आयुष्य गेलेल्या, काही क्लास किंवा ग्रुप असतात का? आणि या वयात वाचायला शिकता येतं का? कारण ती नातीला गुपचूप म्हणाली "मला बी शिकीव", दोघी वहीच्या मागच्या पानावर अ आ इ ई काढत होत्या, पण १० मिनिटांत मुलगी "आज्जी कितीदा सांगू" म्हणून ओरडते आणि आई उठून जाते. आणि संघाच्या लोकांशी बोलावं का, बोललो तर आईचा अजून अपमान नाही ना होणार?

शेवंती७४

बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी निगडीला राहते, वय ७४, आयडीत लिहिलंयच. आधी एक सांगते, आईला त्याच हॉलमध्ये लगेच परत पाठवायचा हट्ट धरू नकोस. जिथं अंगठ्यासाठी दहा माणसं थांबली तिथली पायरी परत चढायला वेळ लागतो.

भजनी मंडळ शोध. तुमच्या भागात नक्की असणार, कुठल्याही विठ्ठलाच्या किंवा दत्ताच्या देवळात दुपारी चारच्या सुमाराला जाऊन उभा राहा, टाळ ऐकू येतीलच. आमच्या मंडळात आम्ही २० जणी आहोत आणि त्यातल्या सात-आठ जणींना वाचता येत नाही, कुणाला काही फरक पडत नाही कारण एक जण पुढं म्हणते आणि बाकीच्या मागनं उचलतात, चार वेळा म्हटलं की पाठच होतं. सतरंजीवर बसायचं, रजिस्टर नाही, सही नाही. गावाकडं काकडआरती, सप्ताह हे सगळं तिनं केलेलंच असणार, म्हणजे तिला अर्धे अभंग आमच्यापेक्षा जास्त येत असतील. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागायची, आमच्यात पाच जणी खुर्चीवर असतात.

आणि सोडून येऊ नकोस, बरोबर बस. पहिले तीन-चार वेळा तू किंवा सूनबाई, सुट्टी काढावी लागली तर काढा. आपल्याला वाटतं संघ भेटला की माणूस रमतं, पण रमायला एक मैत्रीण लागते, एकच. ती भेटेपर्यंत सोबत पाहिजे. मी मालक गेल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा मला एकीनं विचारलं "कुठल्या गावच्या तुम्ही?" मी म्हटलं फलटणची. ती म्हणाली मी तरडगावची. झालं, आज ११ वर्षं आम्ही एकमेकींच्या घरी चहा पितो. चिंचवडात सातारकडच्या बायका किती तरी आहेत, कंपनीत आलेल्या पोरांच्या आया सगळ्या. कुठून रिटायर झालात हे विचारणाऱ्या बाईंना त्यात वाईट काही वाटलं नसणार, पण ज्या बाईनं उभा जन्म रिटायर न होता काम केलं तिनं काय उत्तर द्यायचं.

गुरुजी_वाई

मी प्राथमिक शिक्षक होतो, ३४ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी प्रौढांचे वर्गही घेतले. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. हो, येतं शिकता. माझ्या वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आजी ७२ वर्षांच्या होत्या आणि त्यांना आठ महिन्यांत एसटीची पाटी वाचता येऊ लागली.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव तुम्ही ऐकलं असेल. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू केली, साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळ, दुपारी दोन ते चार. घरातली, रानातली कामं उरकल्यावर बायकांना जी वेळ मोकळी मिळते ती. आपण वर्ग काढतो तो सकाळी नऊला आणि मग म्हणतो बायका येत नाहीत. आपला सातारा तर याबाबतीत जुना आहे, ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली आपल्याच जिल्ह्यात सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. रात्री कंदील घेऊन माणसं वर्गाला यायची असं आमचे वडील सांगायचे.

आता तुमच्या घरातलं. अ आ इ ई पासून सुरुवात करू नका, तिथंच दोघींचं भांडण होतंय. लहान मुलाला अक्षरापासून शिकवलेलं चालतं, त्याला पुढं शाळेत दहा वर्षं काढायचीच असतात. मोठ्या माणसाला आज शिकलेलं आज उपयोगी पडलं पाहिजे. तिचं नाव तिला येतं ना, मग ती तीन अक्षरं तिची झालेली आहेत. आता नातीचं नाव घ्या, गावाचं नाव घ्या. आधी अख्खा शब्द चित्र बघावं तसा ओळखू द्या, मग त्यातली अक्षरं सुटी करा आणि त्याच अक्षरांचे नवे शब्द करा. गावाच्या नावातला र आणि नातीच्या नावातला र एकच आहे हे तिचं तिला सापडलं की चेहरा बघा तुम्ही.

पेन देऊ नका, पाटी-पेन्सिल द्या. खुरपं धरलेल्या बोटांना बारीक पेन जड जातं, रेघ कापते, आणि वहीवर चूक तशीच राहून दिसते. पाटीवर चुकलं तर हातानं पुसलं की संपलं. अक्षर हाताच्या पंजाएवढं मोठं काढायचं. वेळ २० मिनिटं, त्याच्यावर एक मिनिट नाही, जरी ती म्हणाली अजून घे तरी.

अजून एक, हे फार महत्त्वाचं आहे. ती पानी म्हणत असेल तर पानी लिहा. "पाणी असं म्हण" असं सांगायला गेलात की तिच्या लक्षात येणार की आपलं बोलणंच चुकीचं आहे, आणि मग ती तोंड उघडणार नाही. शुद्धलेखन पुढं बघू. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी.

सरकारी वाट पण आहे. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम म्हणून आहे, १५ वर्षांच्या पुढच्या कुणालाही, वरची वयाची अट नाही, शिकवणारे स्वयंसेवक असतात, घरातलं माणूसही स्वयंसेवक होऊ शकतं. जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत चौकशी करा. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी चाचणी असते, पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. परीक्षेचं नाव आत्ताच काढू नका मात्र, तिनं विचारलं तर सांगा.

चष्मेवाली

गुरुजींनी सगळं सांगितलं पण त्याच्याही आधी एक काम करा, आईचे डोळे तपासा!! मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते आणि हे मी रोज बघते. न शिकलेल्या बायकांना जवळचा चष्माच नसतो, कारण घरात कुणाला वाटतच नाही की हिला वाचायचंय. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं ते सगळ्यांनाच होतं, शिकलेला माणूस पेपर वाचता येईना की दवाखान्यात येतो, आणि या बायका सुईत दोरा नातवाकडून ओवून घेतात, तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढतात आणि दिवस ढकलतात. तुमच्या आईला सहीला वेळ लागला त्यात अक्षर येत नव्हतं किती आणि दिसत नव्हतं किती हे आधी बघा. शिवाय ६९ म्हणजे मोतीबिंदूही असू शकतो.

आणि दवाखान्यात नेताना तिला आधीच सांगून ठेवा की तिथं अक्षरं वाचायला लागत नाहीत. बऱ्याच आज्या भिंतीवरचा तक्ता बघूनच घाबरतात, परत अपमान होणार म्हणून मला सगळं दिसतंय म्हणून मोकळ्या होतात. आमच्याकडं न वाचणाऱ्यांसाठी वेगळा तक्ता असतो, त्यावर तीन दात्यांच्या फणीसारखी एकच खूण असते, कधी दाते उजवीकडं, कधी वर, कधी खाली, पेशंटनं फक्त हातानं दाखवायचं दाते कुठं वळलेत. चष्म्यासाठी जवळचं बघताना त्यांना सुई-दोरा दिला तरी चालतो, आमचे डॉक्टर देतात.

पाऊलवाट

फिजिओथेरपिस्ट आहे. थोडक्यात लिहिते. गुडघ्याचं कारण ती सांगत असली तरी सगळंच कारण नसेल, दुखतही असेल. तिसऱ्या मजल्यावरून लिफ्ट आहे का? गावाकडं दिवसभर चालणारी बाई दीड वर्ष गॅलरीत उभी राहिली तर मांडीचे स्नायू झपाट्यानं कमी होतात. जागतिक आरोग्य संघटना ६५च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम सांगते. सोपे दोन: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. खुर्ची भिंतीला टेकलेली पाहिजे, घसरणारी नको, आणि गुडघा फारच दुखत असेल तर आधी दाखवून घ्या.

आणि कुठलाही क्लास बघायला जाल तेव्हा तिथलं टॉयलेट बघा. कुठं आहे, कमोड आहे का, दाराला कडी आहे का, पाणी आहे का. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायका क्लासला जात नाहीत त्याचं कारण फक्त हे असतं, आणि त्या मुलाला कधीच सांगत नाहीत. दुसरं ऐकू येणं. हॉलमध्ये पंखे आणि भोंग्यासारखा माइक असला की कमी ऐकू येणाऱ्या माणसाला काही कळत नाही, ते हसतात, मान हलवतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

सडेतोड

एवढं सगळं करण्यापेक्षा आईला गावाला का पाठवत नाही? तिथं तिची माणसं आहेत, रान आहे. ६९ म्हणजे काही म्हातारी नाही. शहरात आणून तिला शाळेत घालायचं हे मला पटत नाही, तुमच्या मनाचं समाधान आहे ते.

कोरेगावकर

@सडेतोड, हा विचार मी शंभर वेळा केलाय. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर नेऊन ठेवलं होतं. घराला दोन पायऱ्या आहेत त्यावरून रात्री पडली, सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. हात मोडला नाही हे नशीब. म्हशी विकल्यात, रान वाट्यानं दिलंय, तिच्या बरोबरीच्या तीन जणी पुण्या-मुंबईला लेकांकडं गेल्यात. ज्या गावाची ती आठवण काढते ते गाव आता तिथंही नाही. आणि वाचायचं ती स्वतः म्हणाली, मी नाही.

बाकी सगळ्यांचे खूप आभार. चष्म्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी नेतोय. पाऊलवाट ताई, लिफ्ट आहे, पण आई लिफ्टमध्ये एकटी जात नाही, आकडे कळतात तिला, दार बंद होण्याची भीती वाटते.

सचिव_नाशिक

मी नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा सचिव आहे, तुमच्या संघाचा नाही, पण पोस्ट वाचून आमच्याच दारातलं टेबल डोळ्यापुढं आलं. आमच्याकडंही रजिस्टर तसंच होतं. आपल्याकडं हे संघ बहुतेक बँकेतून, सरकारी खात्यातून, शाळेतून निवृत्त झालेल्या लोकांनी उभे केलेत, त्यामुळं सही, इतिवृत्त, अध्यक्षांची परवानगी हे अंगवळणी पडलेलं असतं आणि त्यानं कुणी दारातून परत जाईल हे डोक्यात येत नाही. मी कालच्या मीटिंगला तुमची गोष्ट गाव-नाव न घेता सांगितली. आता एक जण दारात उभा राहून नावं विचारून स्वतः लिहिणार, सही बंद. हजेरी कळावी एवढाच उद्देश आहे, त्याला सही कशाला.

तुम्ही तुमच्या संघाशी जरूर बोला, फक्त आईचं नाव काढू नका. "काही सभासदांना लिहायला त्रास होतो, हात थरथरतो, चष्मा विसरतात, तर हजेरी तुम्हीच लिहाल का" असं म्हणा. हे खरंही आहे, आमच्या ८५ वर्षांच्या माजी हेडमास्तरांचा हातही पार्किन्सनमुळं थरथरतो, त्यांनाही सही नकोच होती, हे त्यांनी काल पहिल्यांदा बोलून दाखवलं. ऐकून घेतील. नाही घेतलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, ते तक्रारीसाठी म्हणून नाही सांगत, पण भागातल्या दुसऱ्या सोयींची माहिती तिथं विचारता येते.

लीड्सहून

मी इकडं इंग्लंडमध्ये २६ वर्षं आहे, आता स्वतःच ज्येष्ठ झाले. इथं यू३ए (युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज) नावाचा प्रकार आहे. मूळचा फ्रान्समधल्या टुलूजचा, १९७३चा, तिथं विद्यापीठं ज्येष्ठांसाठी वर्ग घ्यायची, इंग्लंडात १९८२ मध्ये आला तेव्हा त्यांनी ते बदललं, की प्राध्यापक नकोतच, सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं. परीक्षा नाही, पदवी नाही. मी तिथं एका निवृत्त प्लंबरकडून बागेतली भिंत बांधायला शिकले आणि त्याच्या बायकोला मी पुरणपोळी शिकवली. हे सांगायचं कारण असं की तुम्ही सगळे आईनं काय शिकायचं ते बोलताय आणि ते बरोबरच आहे, पण आई काय शिकवू शकते ते पण बघा. आलं कधी लावायचं, बेणं कसं निवडायचं हे चिंचवडच्या किती गच्चीबागवाल्यांना माहीत असेल?

आणि दुसरं, आईला जात्यावरच्या ओव्या येतात का? त्या पिढीतल्या गावाकडच्या बायकांना शंभर तरी येतातच. पुण्यात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, ज्या बायकांना लिहायला येत नव्हतं त्यांनीच सांगितलेल्या. आता त्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर ऐकता पण येतात. आईला ऐकवून बघा एखादी, फोनवर, आणि काही विचारू नका. बघा काय होतं.

गुरुजी_वाई

लीड्सच्या ताई, काय नेमकं बोललात. कोरेगावकर, हेच वाचनाचं पुस्तक करा. आईची एक ओवी तिच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहा, एका ओळीत चारच शब्द. तिला ती पाठ आहे, म्हणजे पुढचा शब्द कुठला हे तिला आधीच माहीत आहे. ती म्हणेल आणि बोट फिरवेल, आणि तोंडातला शब्द व कागदावरचा शब्द आपोआप जुळत जाईल. हे मला नोकरीत असताना सुचलं नाही याचं वाईट वाटतंय. मी बायकांना "कमल बघ" वाचायला लावत होतो, त्या मनात म्हणत असतील कोण ही कमल.

आणि नातीला सांगा, आजीची मास्तरीण व्हायचं नाही. आजी एक ओवी सांगणार, तिनं ती लिहून घ्यायची. मग आजीनं तिला वाचून दाखवायची. दोघींनी एकमेकींना काहीतरी द्यायचं म्हणजे ओरडणं बंद होतं.

शेवंती७४

फोनचं पण शिकवा हो. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर न वाचणाऱ्या बायका आवाजाचे मेसेज पाठवतात, माइकची खूण दाबून धरायची आणि बोलायचं, त्यांना फोटोवरनं माणूस ओळखता येतं. फक्त एक पक्कं सांगून ठेवा, अनोळखी माणूस पोलीस आहे, बँकेतला आहे म्हणाला, आकडा सांगा म्हणाला, तर फोन ठेवून द्यायचा आणि पोराला सांगायचं. आमच्यातल्या एकीचे ४० हजार असेच गेले आणि लाजेपोटी तिनं दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर लगेच फोन केला असता तर काही तरी वाचले असते.

कोरेगावकर

पाच आठवडे झाले, म्हणून लिहितोय.

चष्मा लागला, जवळचा तीन नंबर. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे पण डॉक्टर म्हणाले अजून थांबता येईल. आईनं चष्मा लावून पहिल्यांदा काय बघितलं असेल तर स्वतःचे हात. दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघत बसली आणि म्हणाली "किती भेगा पडल्यात गं बाई". घरी येऊन डबा काढला आणि सगळी डाळ परत निवडली.

भजनी मंडळ सापडलं, दत्ताच्या देवळात, सोमवार-गुरुवार चार ते साडेपाच. पहिल्या दोन वेळा बायको बसली, तिसऱ्या वेळी मी, पुरुष म्हणून मागं बसायला लागलं. चौथ्या वेळी आई म्हणाली तुम्ही नका येऊ. तिथं तिला रहिमतपूरच्या एक आजी भेटल्यात, त्या येताना खालून हाक मारतात, मग दोघी मिळून लिफ्टनं उतरतात, त्यामुळं तोही प्रश्न सुटला. मंडळाच्या टाळांची एक जोडी सैल झाली होती तर आईनं दोरी बदलून आणली.

ओव्यांचं मात्र वेगळंच झालं. मी रात्री जेवताना फोनवर एक ओवी लावली, काही बोललो नाही. आई घास हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली आमच्यात ही अशी न्हाई म्हणत, आणि म्हणायला लागली. माझं वय ४३ आहे आणि मी आईला गाताना कधी ऐकलं नव्हतं, जातं आमच्या घरातून मी लहान असतानाच गेलं. मुलीनं लिहून घेतलेली पहिली ओवी ही, गुरुजी तुम्ही सांगितलं तसं ती म्हणते तशीच लिहिली:

आल्याच्या गं वाफ्याला पानी सोडीते पहाटं
लेकाची गं माज्या बाई एस्टीची बघीते वाट

ही तिनंच जोडलेली आहे, मी अकरावीला साताऱ्याला हॉस्टेलवर होतो तेव्हाची. मला माहीत नव्हतं.

आता वाचनाचं. नाव, नातीचं नाव, गाव, पानी, वाट, बाई एवढे शब्द ओळखते. एस्टी अजून जात नाही, जोडाक्षर आहे. काल भाजी आणायला गेलो तेव्हा एका दुकानाच्या पाटीपाशी थांबली, बोट वर करून म्हणाली "ह्यो आपल्या वाटंतला वा". पाटी वासुदेव की वामन अशी काहीतरी होती, मी बघितलीच नाही, तिच्याकडंच बघत होतो.

संघात बोललो, नाशिकच्या सचिवांनी इथं सांगितलं त्या शब्दांत. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं, हजेरी आता ते स्वतः लिहितात. आई अजून तिकडं गेलेली नाही आणि मीही विषय काढत नाही. पण रहिमतपूरच्या आजी तिथल्या योगाला जातात, त्या तिला म्हणत होत्या चला एक दिवस, आणि आई नाही असं म्हणाली नाही, "बघू संक्रांतीनंतर" म्हणाली.

एक मदत हवी आहे. पाटी पाहिजे, खरी दगडाची, लाकडी चौकटीची. मी ऑनलाइन मागवली ती प्लॅस्टिकची निघाली, तिच्यावर पेन्सिल नुसती घसरते, आईनं ती बाजूला ठेवून दिली. पिंपरी-चिंचवडमध्ये किंवा पुण्यात बोहरी आळी, मंडईकडं कुठं दगडी पाटी अजून मिळते का, आणि तिच्याबरोबरची पेन्सिल? दोन घ्यायच्या आहेत, एक रहिमतपूरच्या आजींना पण पाहिजे.

चष्मेवाली

मंडईच्या मागच्या बाजूला पूजेचं सामान विकणारी जुनी दुकानं आहेत तिथं विचारा, सरस्वतीपूजनाला लोक दगडी पाटीच नेतात म्हणून दसऱ्याच्या आसपास तरी ठेवतात. नाही मिळाली तर इथं सांगा, आमच्या गावी माळ्यावर माझी पडून असेल.